इंद्रायणीकाठी पर्यटनाचा अभ्यास

पर्यटन हा विषय महाविद्यालयात शिकवताना येणारी मुख्य अडचण अशी, की ज्या व्यवहाराचा अभ्यास करायचा तो वर्गाच्या चार भिंतींत आणता येत नाही. प्रवासी कशासाठी बाहेर पडतो, कुठे थांबतो, कशावर खर्च करतो आणि त्याच्या येण्याने गावाच्या पाण्यावर, रस्त्यांवर व घरभाड्यांवर काय परिणाम होतो, हे पाठ्यपुस्तकात सांगता येते. परंतु सणाच्या दिवशी मंदिराच्या अरुंद बोळात दोन दिशांनी आलेले लोक समोरासमोर आले म्हणजे नेमके काय घडते, हे तेथे उभे राहिल्यावाचून कळत नाही. म्हणूनच पर्यटनाच्या अभ्यासक्रमांत क्षेत्रभेटीला स्थान असते. अभ्यासाचा विषय जेथे प्रत्यक्ष घडतो तेथे जाऊन, आधी ठरवलेल्या प्रश्नांच्या आधारे निरीक्षण, मोजणी व संवाद करणे आणि परतल्यावर त्याची मांडणी करणे, असे तिचे स्वरूप असते.

व्यवहारात मात्र हे स्थान बहुधा एका लांबच्या सहलीने भरून काढले जाते. वर्षातून एकदा आठवडाभरासाठी मनाली, केरळ किंवा गोवा येथे जायचे, प्रवासी कंपनीने आखलेला कार्यक्रम पार पाडायचा आणि परतल्यावर छायाचित्रांसह अहवाल सादर करायचा, अशी ही पद्धत आहे. तिच्यातील मूळ दोष खर्चाचा नाही, तो भूमिकेचा आहे. अशा सहलीत विद्यार्थी स्वतःच ग्राहक असतो. त्याला खोली मिळते, नाश्ता मिळतो, गाडी दारात येते आणि ही सारी व्यवस्था कोण, किती मोबदल्यात व कोणत्या अडचणी सोसून उभी करतो, हे त्याच्या दृष्टीपलीकडे राहते. पुढे ज्याला यजमानाच्या, व्यवस्थापकाच्या किंवा मार्गदर्शकाच्या जागी उभे राहायचे आहे, त्याला पाहुण्याच्या जागेवरून शिकवण्याचा हा प्रकार होय. त्यात पैसे भरू न शकणारे विद्यार्थी आणि रात्रीच्या मुक्कामाची परवानगी घरातून न मिळणाऱ्या मुली वगळल्या जातात, ही गोष्टही लहान नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ साली ‘एक्स्पीरियन्स अँड एज्युकेशन’ या पुस्तकात बजावले होते, की खरे शिक्षण अनुभवातून घडत असले तरी प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असे नाही. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ साली हाच विचार पुढे नेऊन अनुभवाधिष्ठित शिक्षणाचे चक्र मांडले. त्यात प्रथम प्रत्यक्ष अनुभव येतो, मग त्या अनुभवाकडे थांबून पाहणे, त्यातून एखादी संकल्पना बांधणे आणि शेवटी ती संकल्पना नव्या परिस्थितीत पडताळून पाहणे, असे चार टप्पे येतात. या चक्रातील चौथा टप्पा लांबच्या सहलीत जवळजवळ अशक्य असतो, कारण त्यासाठी त्याच ठिकाणी पुन्हा जावे लागते, आणि मनालीला तिसऱ्यांदा नेणारे महाविद्यालय सापडणे कठीण. पर्यटनस्थळ तर दिवसागणिक बदलते. सोमवारी ओसाड वाटणारा डोंगर रविवारी वाहनांनी वेढला जातो, ज्येष्ठात भरून वाहणारे गाव मार्गशीर्षात शांत असते. तेव्हा पर्यटनाच्या विद्यार्थ्याला एकदाच पाहिलेल्या दूरच्या स्थळापेक्षा वारंवार पाहता येणारे जवळचे स्थळ अधिक शिकवते, आणि पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील विद्यार्थ्यांसाठी असे स्थळ देहूरोडच्या आसपास, लोकलच्या तिकिटाच्या अंतरावर आहे.

देहूरोडची ओळख सामान्यतः लष्करी छावणी म्हणून दिली जाते, आणि आयुध कारखाना, लष्करी भांडारे व छावणी परिषद यांमुळे ती योग्यही आहे. तथापि, दळणवळणाच्या दृष्टीने पाहिले तर हे गाव एका मोठ्या प्रवासी पट्ट्याच्या तोंडाशी वसलेले आहे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, जुना मुंबई-पुणे महामार्ग गावातूनच जातो आणि २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग लगतच्या किवळ्याजवळ सुरू होतो. या साऱ्या वाटांच्या सोबतीने इंद्रायणी वाहते. लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावून ती कार्ल्याच्या डोंगरापायथ्याने, कामशेत व तळेगावावरून देहूला येते, तेथून मोशी व आळंदी ओलांडून तुळापूरला भीमेस मिळते. थंड हवेचे ठिकाण, प्राचीन लेणी, गड, पावसाळी सहलींच्या जागा, संतांची तीर्थक्षेत्रे आणि औद्योगिक वसाहत असे पर्यटनाचे जवळजवळ सर्व प्रकार एका नदीच्या खोऱ्यात सापडतात. अभ्यासकाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण एका स्थळी शिकलेली संकल्पना दुसऱ्या दिवशी शेजारच्या स्थळी लावून पाहता येते.

देहूरोडच्या पश्चिमेस, बेगडेवाडी स्थानकाजवळ घोरावडेश्वराचा डोंगर आहे. तेथील शेलारवाडीची लेणी मूळची बौद्ध असून त्यांतील चैत्यगृहात आज शिवलिंग आहे आणि महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरते. या लेण्यांतील ब्राह्मी लिपीतील एका लेखात धेनुकाकट येथे राहणाऱ्या एका शेतकरी गृहस्थाच्या पत्नीने आपल्या मुलासह लेणे दान दिल्याची नोंद आहे. हेच धेनुकाकट कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक दानलेखांत पुन्हा भेटते, आणि तेथे दात्यांमध्ये ‘यवन’ म्हणवणारे लोकही आहेत. हे गाव नेमके कुठे होते यावर विद्वानांचे एकमत नाही. तरीही शेलारवाडी आणि कार्ले ही दोन ठिकाणे एकाच दिवसात पाहणाऱ्या विद्यार्थ्याला एवढे उमगते, की लेणी डोंगरात एकटी पडलेली नव्हती, घाटमाथ्यावरून कोकणातील बंदरांकडे उतरणाऱ्या व्यापारी वाटांवर ती कोरली गेली आणि वाटसरू, व्यापारी व स्थानिक कुटुंबे यांच्या दानावर ती उभी राहिली. प्रवास आणि निवारा यांचे नाते या खोऱ्यात दोन हजार वर्षांपूर्वीपासूनचे आहे, हे मार्गदर्शक होऊ पाहणाऱ्याने पाठ करण्यापेक्षा त्या दोन दगडी भिंतींसमोर उभे राहून वाचणे कितीतरी चांगले.

या प्रकारच्या अभ्यासाचा एक मोठा आदर्श पुण्यातच घडलेला आहे. गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरातील टेकड्या, वाटा आणि ग्रामदेवता पायी हिंडून तपासल्या, गुराख्यांना व गावकऱ्यांना प्रश्न विचारले आणि धेनुकाकटावर स्वतंत्र लेखही लिहिला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात या भटकंतीचे फळ दिसते. ग्रंथालयातील पुरावा आणि पायवाटेवरचा पुरावा एकमेकांशी पडताळून घेण्याची त्यांची रीत पर्यटनाच्या अभ्यासकाला जशीच्या तशी घेता येण्यासारखी आहे.

कार्ल्याला विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. येथील चैत्यगृह देशातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे मानले जाते, त्याच्या छताच्या लाकडी कमानी प्राचीन आहेत आणि हे स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या दाराशीच एकवीरा देवीचे मंदिर आहे, जेथे कोळी, आगरी आणि इतर अनेक समाजांतील कुटुंबे कुलदैवताच्या दर्शनास येतात. एकाच पायऱ्यांवरून शिल्प पाहणारा प्रवासी आणि नवस फेडणारे कुटुंब चढत असते. पहिल्याला शांतता हवी असते, दुसऱ्याला ढोल-ताशाशिवाय यात्रा पूर्ण वाटत नाही, आणि दोघांचाही हक्क खरा आहे. अशा वेळी व्यवस्थापन म्हणजे कोणाला रोखणे नव्हे, तर वेळा, रांगा आणि जागा यांची अशी वाटणी करणे की दोघांचे येणे निभावले जाईल. ही वाटणी कागदावर आखायला सांगितलेल्या विद्यार्थ्याला अर्ध्या तासातच कळते की चैत्राच्या यात्रेत त्याचा आराखडा टिकणार नाही, आणि तेथून खरा अभ्यास सुरू होतो.

तीर्थाटनाचा अभ्यास करायचा तर देहूइतके समृद्ध क्षेत्र महाराष्ट्रात थोडेच आहे. देहूरोड स्थानकावर उतरून काही किलोमीटर गेले की इंद्रायणीच्या काठी संत तुकाराम महाराजांचे गाव येते. फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे तुकाराम बीजेला, तेथे लोक लोटतात. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखीचे प्रस्थान होते. आणि एरवीच्या दिवशी मंदिर, गाथा मंदिर व भंडारा डोंगर येथे येणाऱ्यांची संथ ये-जा चालू असते. या तीन प्रकारच्या दिवसांना तीन भेटी दिल्या तर हंगामीपणा, म्हणजे मागणीचे वर्षभरातील असमान वाटप, ही संकल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. फुले-प्रसाद विकणारा दुकानदार बीजेच्या दिवसांत माल किती आधी भरतो, एरवी त्याच दुकानात काय विकतो, गावातील घरे यात्रेकरूंना जागा कशी देतात, पालखीनंतरच्या पहाटे सफाई कोण करते, या प्रश्नांची उत्तरे मिळवताना विद्यार्थी एका गावाचा अर्थव्यवहार वाचू लागतो.

पालखी सोहळ्याचा विचार तर स्वतंत्रपणे व्हायला हवा. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केलेली ही परंपरा आज लाखो लोकांना देहू-आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी नेते, आणि तिचा कणा दिंडी हा आहे. दिंडी म्हणजे ठरलेल्या क्रमाने चालणारा वारकऱ्यांचा गट; तिला क्रमांक असतो, रथापुढे किंवा रथामागे निश्चित जागा असते, वीणेकरी, टाळकरी, मृदंगी व तुळस घेतलेल्या स्त्रिया असतात, सामानाचा ट्रक पुढच्या मुक्कामी आधी पोहोचून तंबू व चुली मांडतो. मोठ्या कार्यक्रमांच्या व्यवस्थापनावरील पुस्तके ज्या गोष्टींना उपघटकांत विभागणी, विकेंद्रित जबाबदारी आणि आगाऊ पुरवठा म्हणतात, त्या येथे शिस्तीच्या व श्रद्धेच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. विद्यार्थ्यांनी देहू ते आकुर्डी हा पहिला टप्पा एखाद्या दिंडीच्या प्रमुखांची परवानगी घेऊन तिच्यासोबत चालावा. पाणी कुठे मिळाले, सावली कुठे नव्हती, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह किती अंतरावर होते, वृद्ध कुठे बसले, याची नोंद ठेवावी. समूहाचा एक भाग होऊन त्याचा अभ्यास करण्याच्या या पद्धतीला समाजशास्त्रात सहभागी निरीक्षण म्हणतात.

सहभागी निरीक्षणाचे उत्तम मराठी उदाहरण इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखात आहे. डेक्कन कॉलेजात मानवशास्त्र शिकवणाऱ्या कर्वे स्वतः दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या. वाटेवरची आपुलकी आणि भक्ती त्यांना मनापासून भिडली, परंतु एकत्र चालणारे व एकत्र गाणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी जेवायला मात्र वेगळे बसतात, हेही त्यांनी नजरेआड केले नाही. प्रेम असूनही पाहणे न सोडण्याचा हा गुण क्षेत्रभेटीतून शिकण्याच्या गोष्टींत सर्वांत अवघड आहे, आणि तो शिकवणारा दुसरा मार्गही नाही.

देहूरोड गावातील धम्मभूमीकडे पर्यटन अभ्यासक्रमांचे लक्ष पुरेसे गेलेले दिसत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. रंगूनहून आणलेली ही मूर्ती नागपूरच्या धर्मांतरापूर्वी जवळजवळ दोन वर्षे येथे प्रतिष्ठित झाली होती. दरवर्षी २५ डिसेंबरला येथे अनुयायी जमतात. या ठिकाणाचा अभ्यास करताना मंदिर-यात्रेचे ठोकताळे उपयोगी पडत नाहीत, कारण येथे येणारा माणूस नवस बोलायला येत नाही. तो इतिहासाच्या एका क्षणाशी आपले नाते सांगायला येतो. स्मरणस्थळाला भेट देणाऱ्याच्या गरजा वेगळ्या असतात आणि त्यांत नेमकी माहिती, ग्रंथविक्री, सभेसाठी जागा यांना मोठे महत्त्व असते, हे शेलारवाडीची बौद्ध लेणी आदल्या दिवशी पाहिलेल्या विद्यार्थ्याला अधिक खोलवर समजते.

याच परिसराने पर्यटनशास्त्रातील एका संकल्पनेची किंमत अत्यंत दुःखद रीतीने दाखवून दिली आहे. १५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, देहूरोडपासून जवळ असलेल्या कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला. पावसाळ्याच्या सुरुवातीचे पाणी पाहायला आलेले लोक मोठ्या संख्येने पुलावर होते; चार जणांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. पर्यटनशास्त्रात वहनक्षमता म्हणजे एखाद्या स्थळाला हानी न पोहोचता व अनुभव न बिघडता तेथे सामावू शकणाऱ्या माणसांची मर्यादा. मिगुएल सिफुएंतेस यांनी १९९२ साली कोस्टा रिकातील संरक्षित क्षेत्रांसाठी तिचे तीन स्तर मांडले. उपलब्ध जागेला एका माणसाला लागणाऱ्या जागेने भागून दिवसात किती फेऱ्या होऊ शकतात त्याने गुणले की भौतिक क्षमता येते. पाऊस, निसरडेपणा, धोका यांसाठी त्यातून वजावट केली की वास्तविक क्षमता उरते. आणि रक्षक, साधने व व्यवस्था किती आहे हे लक्षात घेतले की परिणामकारक क्षमता मिळते, जी वास्तविक क्षमतेहून कधीच मोठी नसते. कुंडमळ्यासारख्या ठिकाणी हे गणित मांडताना एक गोष्ट ठळक होते. ओलांडण्यासाठी बांधलेल्या पुलावर माणसे पाणी पाहत उभी राहिली, की प्रत्येकाचा तेथील मुक्काम काही सेकंदांवरून काही मिनिटांवर जातो आणि येणाऱ्यांची संख्या तेवढीच असूनही एका वेळी पुलावर असणाऱ्यांची संख्या कित्येक पट वाढते. म्हणजे धोका गर्दीच्या संख्येइतकाच गर्दीच्या थांबण्यात असतो. इशाऱ्याचा फलक हे थांबणे मोडू शकत नाही. पाणी दिसेल अशी सुरक्षित, वेगळी जागा दिली तरच ते मोडते. विद्यार्थ्यांनी हे मोजमाप घोरावडेश्वराच्या पायऱ्यांवर, भाजे लेण्यांच्या वाटेवर किंवा देहूच्या घाटावर घड्याळ हातात धरून करावे. सांख्यिकीचा इतका साधा वापर माणसांचे जीव वाचवू शकतो.

लोणावळा हा या खोऱ्याचा सर्वांत गजबजलेला भाग. कॅनडातील भूगोलज्ञ रिचर्ड बटलर यांनी १९८० साली पर्यटनस्थळाचे जीवनचक्र मांडले. मोजक्या प्रवाशांनी स्थळ शोधण्यापासून स्थानिकांचा सहभाग, वेगवान विकास, स्थिरावणे, साचलेपण आणि मग ऱ्हास किंवा पुनरुज्जीवन असा त्याचा क्रम आहे. लोणावळा आज यातील कोणत्या टप्प्यावर आहे, हा प्रश्न वादासाठी उत्तम आहे, आणि द्रुतगती मार्गाने मुक्कामी पाहुण्यांऐवजी सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे पाहुणे वाढवले का, हा त्याचा पोटप्रश्न. तेथून मळवली स्थानकावर उतरून लोहगडाकडे गेले की याच चक्राची वेगळी अवस्था दिसते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशाच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यांत लोहगड आहे. या सन्मानामुळे पायथ्याच्या लोहगडवाडीत पुढील काही वर्षांत काय बदलेल, जेवण देणारी घरे वाढतील की बाहेरच्यांची उपाहारगृहे येतील, हे आत्ताच नोंदवायला सुरुवात केली तर अभ्यासाला मोल येईल. प्रवाशाने खर्च केलेल्या रुपयातील जो भाग गावात न राहता बाहेरच्या मालकाकडे किंवा पुरवठादाराकडे जातो त्याला अर्थशास्त्रात गळती म्हणतात. पिठले-भाकरीच्या ताटातील ज्वारी, तेल, सिलिंडर आणि पाण्याची बाटली कुठून आली एवढे विचारले तरी ही गळती ताटातच मोजता येते.

चाकण आणि मोशीकडचा पट्टा पर्यटनाच्या चित्रात सहसा येत नाही, पण तेथील कारखान्यांकडे देशविदेशांतून येणारे अभियंते व खरेदीदार, आणि मोशीच्या प्रदर्शन केंद्रात भरणारी औद्योगिक प्रदर्शने, हे व्यवसाय पर्यटनच आहे. व्यवसायासाठी येणाऱ्यांची हॉटेले कामाच्या दिवसांत भरतात, लोणावळ्याची शनिवार-रविवारी; खोलीचा दर कसा ठरतो हे समजण्यासाठी या दोन ठिकाणच्या स्वागतकक्षातील एका तासाच्या चौकशीइतके दुसरे साधन नाही.

या भेटी फलदायी व्हायच्या तर त्यांची पूर्वतयारी शिक्षकाने गांभीर्याने करावी लागते. छावणी हद्दीत व लष्करी आस्थापनांजवळ छायाचित्रण आणि वावर यांवर निर्बंध असतात, तेव्हा मार्ग व परवानग्या आधी निश्चित व्हाव्यात. पाण्याजवळच्या भेटींबाबत तर कसलीही तडजोड नसावी. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयातील सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, ही आठवण प्रत्येक आयोजकाने जागी ठेवावी. विद्यार्थ्याच्या हाती दोन-तीनच प्रश्न असावेत, कारण वीस प्रश्नांचा छापील तक्ता भरणारा विद्यार्थी मान वर करून पाहत नाही. विक्रेत्याशी बोलताना स्वतःची ओळख, हेतू आणि नकार देण्याची मोकळीक सांगावी; गिऱ्हाईक आले की बाजूला व्हावे; भाविकाच्या चेहऱ्याचे छायाचित्र न विचारता घेऊ नये. आणि भेटीनंतर दोन दिवसांच्या आत, आठवण ताजी असताना, वर्गात त्यावर सविस्तर चर्चा व्हावी. कोल्ब यांच्या चक्रातील दुसरा व तिसरा टप्पा येथेच घडतो आणि बहुतेक महाविद्यालयांत तोच वेळेअभावी गळतो. गुण देताना अहवालाच्या पानांपेक्षा पहिल्या व तिसऱ्या भेटीदरम्यान विद्यार्थ्याचा प्रश्न किती बदलला, हे तपासणे अधिक न्याय्य ठरेल.

ज्या गावाने वेळ आणि माहिती दिली त्याला काही परत मिळायला हवे, हा भागही अभ्यासक्रमातच असावा. घाटावरची तासागणिक मोजणी, स्वच्छतागृहांमधील अंतरे, पायऱ्यांवर गर्दी तुंबण्याच्या जागा यांचा दोन-तीन पानांचा मराठी गोषवारा नकाशासह तयार करून तो ग्रामपंचायत, नगरपंचायत किंवा देवस्थानाच्या बैठकीत विद्यार्थ्यांनी स्वतः मांडावा, तेथील कार्यकर्त्यांच्या हरकती ऐकाव्यात आणि त्या हरकतींसह तो महाविद्यालयात जपावा. पुढच्या वर्षीच्या तुकडीने त्याच जागी, त्याच तिथीला, त्याच रीतीने मोजणी करावी. तिची पहिली भेट ठरवण्याआधी आधीच्या तुकडीची कच्ची टिपणे तिच्या हाती द्यावीत.